गाय का उलटते? एका विषाणूच्या शोधाची कथा

ग्रामीण भागातल्या शाळेत सातवी-आठवीच्या वर्गाला विचारून पाहा, "गाय उलटली म्हणजे काय झाले?" निम्म्या मुलांचे हात वर होतील. गाय माजावर आली, वळू दाखवला किंवा कृत्रिम रेतन करून घेतले, आणि साधारण २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली; म्हणजे गाभ राहिला नाही, गाय उलटली. एकदा उलटली तर कोणी फारसे मनावर घेत नाही. तीन-चार वेळा उलटली की घरात काळजी सुरू होते. दूध नाही, वासरू नाही, वैरण मात्र रोज लागते. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत, त्याची एक गाय वर्षभर भाकड राहिली तर घरखर्चाचे गणितच बिघडते.

गाय उलटण्याची कारणे अनेक आहेत. माज ओळखण्यात चूक होते, रेतनाची वेळ साधत नाही, चाऱ्यात खनिजे कमी पडतात, गर्भाशयात जिवाणूंमुळे दाह होतो. ब्रुसेल्लासारख्या जिवाणूंमुळे गाई गाभडतात हे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच समजले होते. पण याच यादीत काही विषाणूही आहेत. त्यांतल्या एका विषाणूने शास्त्रज्ञांना जवळजवळ ४० वर्षे चकवले. तो लपून बसला होता निरोगी दिसणाऱ्या वासरांच्या शरीरात, आणि तपासणीचे नेहमीचे साधन त्याच वासरांना 'निर्दोष' ठरवत होते. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

१९४६ : इथाकाचे गोठे

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९४६ साली तिथल्या पीटर ओलाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरातल्या दुभत्या गाईंमधल्या एका नव्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. गाईंना ताप येई, जोराची हगवण लागे, तोंडात व्रण दिसत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होत आणि दूध आटे. पहिल्या पाच कळपांमध्ये ३३ ते ८८ टक्के गुरे आजारी पडली, पण मेली फक्त ४ ते ८ टक्के. बहुतेक गाई बऱ्या झाल्या. खरा फटका पुढे बसला. बऱ्या झालेल्या गाभण गाई दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही गाभडू लागल्या.

लक्षणे पाहून पहिली शंका आली ती बुळकांडीची. ही शंका खरी ठरली असती तर तो मोठाच अनर्थ होता. पण या नव्या रोगातून उठलेल्या गुरांना बुळकांडीपासून संरक्षण मिळत नाही, असे १९४७ मध्ये दिसून आले. म्हणजे रोग निराळाच होता. पुढे तो विषाणूमुळे होतो हे सिद्ध झाले आणि 'बोव्हाइन व्हायरल डायरिया', म्हणजे गुरांची विषाणुजन्य हगवण, हे नाव पडले. थोडक्यात त्याला बीव्हीडी म्हणतात. या नावाने एक नुकसानही केले. हगवण हे डोळ्यांना दिसणारे लक्षण; त्यामुळे गर्भावर होणाऱ्या परिणामांकडे पुष्कळ वर्षे दुय्यम गोष्ट म्हणून पाहिले गेले.

दोन रोग, विषाणू एकच

१९५३ साली आयोवा राज्यात रॅमसे आणि चिव्हर्स यांनी गुरांच्या आणखी एका रोगाची नोंद केली. यातही हगवण आणि तोंडापासून आतड्यापर्यंत व्रण होते, परंतु तऱ्हा अगदी उलट होती. कळपातली एखाद-दुसरीच जनावरे आजारी पडत, तीही बहुधा सहा महिने ते दोन वर्षे वयाची, आणि जी आजारी पडत ती हमखास मरत. तोंडाच्या व आतड्याच्या आतील अस्तराचा, म्हणजे श्लेष्मल पटलाचा हा रोग म्हणून त्याला 'म्युकोझल डिसीज' म्हणू लागले.

एक रोग पुष्कळांना होतो पण मारत नाही. दुसरा थोड्यांना होतो पण सोडत नाही. दोन वेगळे रोग मानायला एवढे कारण पुरेसे होते. मात्र १९६० च्या सुमारास प्रयोगशाळेत दोन्हींचे विषाणू शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा ते एकच निघाले. त्याच सुमारास या विषाणूचे डुकरांच्या स्वाइन फीव्हरच्या विषाणूशी जवळचे नाते असल्याचेही आढळले.

आता कोडे अधिकच अवघड झाले. एकच विषाणू एका गाईला चार दिवसांचा ताप देतो आणि तिच्या शेजारच्या कालवडीला ठार करतो, हे कसे? म्युकोझल डिसीजने मरणाऱ्या जनावरांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे बहुधा सापडतच नसत. विषाणू भरपूर आणि प्रतिपिंडे नाहीत! शिवाय बीव्हीडीचा विषाणू निरोगी गुरांना टोचून म्युकोझल डिसीज निर्माण करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत होते.

जुळ्या वासरांचे रक्त

या कोड्याची किल्ली एका वेगळ्याच दालनात पडलेली होती. ती पाहण्यासाठी थोडे मागे, १९४५ सालाकडे जावे लागते.

गाईला एक कालवड व एक गोऱ्हा अशी जुळी झाली, तर त्यांतली कालवड पुढे बहुधा वांझ निघते, हे पशुपालकांना शतकानुशतके ठाऊक आहे. इंग्रजीत अशा कालवडीला 'फ्रीमार्टिन' म्हणतात. १९१६ मध्ये फ्रँक लिली यांनी याचे कारण सांगितले : गर्भाशयात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि गोऱ्ह्याच्या रक्तातून येणाऱ्या द्रव्यांमुळे कालवडीच्या प्रजननेंद्रियांची वाढ खुंटते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात गुरांच्या रक्तगटांवर काम करणाऱ्या रे ओवेन यांच्यापुढे एका पशुपालकाकडची अशीच जुळी आली. गाय गर्नसी जातीची होती. पण जुळ्यांपैकी एकाचा बाप गर्नसी वळू आणि दुसऱ्याचा हेरफर्ड वळू होता. ओवेन यांनी रक्त तपासले, तर दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही बापांकडून आलेल्या रक्तगटांच्या तांबड्या पेशी होत्या. इतर जुळी मोठी झाल्यावर तपासली, तरी हेच मिश्रण कायम होते. तांबड्या पेशी काही महिनेच जगतात. म्हणजे जन्मापूर्वीच एका वासराच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्याच्या शरीरात जाऊन स्थिरावल्या होत्या. एरवी परक्या पेशींवर तुटून पडणारी प्रतिकारयंत्रणा त्यांना मुकाट्याने नांदू देत होती.

त्याआधी १९३० च्या दशकात एरिक ट्राउब यांनी उंदरांच्या एका विषाणूबाबत असेच काही पाहिले होते. गर्भातच संसर्ग झालेली पिल्ले आयुष्यभर तो विषाणू बाळगत, पण आजारी पडत नसत. ही निरीक्षणे एकत्र मांडून १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी एक विचार पुढे ठेवला. आपले कोण आणि परके कोण, हे प्रतिकारयंत्रणा जन्मतः जाणत नाही. ते ती शिकते. हे शिक्षण गर्भावस्थेत होते. त्या काळात जे समोर येईल ते 'आपले' म्हणून नोंदले जाते. १९५३ मध्ये पीटर मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. १९६० चे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावर यांना मिळाले. ओवेन यांचे नाव त्यात नव्हते.

गाईगुरांच्या अभ्यासातून निघालेली ही कल्पना गाईगुरांच्याच रोगाला लावून पाहायला मात्र वेळ लागला.

गर्भाचे दिवस मोजताना

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. माणसात आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. गाईत ती जात नाहीत. वासराला ती जन्मल्यावर चिकातून मिळतात. म्हणून पशुवैद्य वासराला पहिल्या काही तासांतच चीक पाजा असे आग्रहाने सांगतात. विषाणू मात्र वार ओलांडून जाऊ शकतो. थोडक्यात, गर्भाकडे शत्रू पोहोचतो, आईची शस्त्रे पोहोचत नाहीत.

आता बीव्हीडीचा विषाणू गाईला कधी गाठतो त्यावर सगळे अवलंबून राहते. रेतनाच्या सुमारास संसर्ग झाला, तर विषाणू अंडाशयात शिरतो, फलन होत नाही किंवा अगदी कोवळा भ्रूण मरतो. मालकाला एवढेच दिसते की गाय उलटली. पुढच्या महिन्यांत संसर्ग झाला तर गाय गाभडू शकते. साधारण १०० ते १५० दिवसांच्या काळात मेंदू आणि डोळे घडत असतात. त्या वेळी विषाणूने गाठले तर लहान मेंदूची वाढ अपुरी राहून उभेही राहता न येणारी किंवा मोतीबिंदू घेऊन आलेली वासरे जन्मतात. १५० दिवसांनंतर गर्भाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा बऱ्यापैकी तयार झालेली असते. तो विषाणूला हरवतो आणि वासरू स्वतःची प्रतिपिंडे घेऊनच जन्माला येते.

सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणजे साधारण १२५ दिवसांपर्यंतचा. त्या वेळी गर्भाची यंत्रणा 'आपले कोण' याचे धडे गिरवत असते. गर्भ त्या संसर्गातून वाचला, तर विषाणूची नोंद 'आपला' म्हणून होते. असे वासरू जन्मभर विषाणू बाळगते. लाळ, शेंबूड, शेण, मूत्र, दूध आणि वीर्य यांतून तो अखंड बाहेर टाकते. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे मात्र करत नाही, कारण आपल्याच माणसाविरुद्ध शस्त्र कोण उगारील?

अशी काही वासरे खुरटी राहतात. पण काही अगदी धडधाकट दिसतात. १९७८ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एम्स येथील कोरिया आणि मॅक्लर्किन यांनी असा एक वळू वर्णिला. वरवर पाहता निरोगी, परंतु रक्तात सतत विषाणू आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत. १९८४ मध्ये मॅक्लर्किन आणि सहकाऱ्यांनी गाभण गाईंना योग्य काळात संसर्ग देऊन अशी वासरे मुद्दाम निर्माण करून दाखवली. तर्क आता प्रयोगाने पक्का झाला.

शांत विषाणू खवळतो तेव्हा

त्याच वर्षी इंग्लंडमधील कॉम्प्टन येथे जो ब्राउनली आणि सहकाऱ्यांनी दुसरे कोडे सोडवले. या विषाणूचे दोन प्रकार प्रयोगशाळेत माहीत होते. एक 'शांत' : तो पेशींत वाढतो पण पेशी मारत नाही. दुसरा 'मारक' : तो पेशी फोडतो. म्युकोझल डिसीजने मेलेल्या गुरांत दोन्ही प्रकार सापडत. त्यांच्या निरोगी सोबत्यांत फक्त शांत प्रकार. ब्राउनली यांनी त्या सोबत्यांना मारक प्रकार टोचला आणि त्यांना म्युकोझल डिसीज झाला.

आधीचे प्रयोग का फसले होते, ते आता लक्षात आले. ते सामान्य निरोगी गुरांवर केले होते, आणि सामान्य गुरे विषाणूशी लढतात. रोग होण्यासाठी जनावराने जन्मापूर्वीच शांत विषाणूला आपले मानलेले असावे लागते. मग त्याच्याच कुळातला मारक विषाणू आला की प्रतिकार होतच नाही. हा मारक विषाणू येतो कुठून? बहुतेक वेळा त्याच जनावराच्या शरीरातल्या शांत विषाणूपासून. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना आढळले की काही मारक विषाणूंच्या जनुकीय साखळीत गाईच्या पेशीतलाच एक तुकडा, युबिक्विटिन नावाच्या प्रथिनाचा, घुसलेला असतो. वाढता वाढता विषाणूने यजमानाचीच एक वस्तू उचललेली असते.

लस की शोध?

मधल्या काळात, १९६० च्या दशकापासून, अमेरिकेत लसी वापरात आल्या होत्या. तरीही रोग हटत नव्हता. जन्मतःच विषाणूवाहक असलेल्या जनावराला लसीचा उपयोग नसतो, कारण त्याची यंत्रणा त्या विषाणूला ओळखतच नाही. काही वेळा तर मारक प्रकारापासून केलेली जिवंत लस अशा जनावराला टोचल्यावर म्युकोझल डिसीज झाल्याचेही दिसले. शांत विषाणू पेशी मारत नसल्याने तो प्रयोगशाळेतही कोणाच्या लक्षात न येता पेशीसंवर्धनात शिरतो. १९९९ मध्ये नेदरलंड्समध्ये गुरांच्या आयबीआर या दुसऱ्या रोगाच्या लसीत बीव्हीडीचा विषाणू निघाला आणि तिथली सक्तीची लसीकरण मोहीमच थांबवावी लागली.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांनी १९९२ ते १९९४ च्या दरम्यान निराळा मार्ग धरला. लस टोचायची नाही. वाहक जनावर शोधायचे आणि कळपातून दूर करायचे. पद्धत साधी होती. आधी कळपाच्या एकत्र दुधातली प्रतिपिंडे मोजायची. ती फार असली, तर कळपात कुठेतरी विषाणू सतत फिरतो आहे असे समजायचे. मग काही तरुण वासरांची तपासणी करायची. गरज पडली तर एकेका जनावरात प्रतिपिंडे न शोधता खुद्द विषाणू शोधायचा. नव्याने आणलेले जनावर तपासल्याशिवाय कळपात सोडायचे नाही. दहा-पंधरा वर्षांत हा रोग त्या देशांतून जवळजवळ नाहीसा झाला.

पुढे स्वित्झर्लंडने २००८ मध्ये आणि जर्मनीने २०११ मध्ये देशभर सक्तीची तपासणी सुरू केली. वासराच्या कानात ओळखीचा बिल्ला मारतानाच कानाचा छोटा तुकडा निघतो. तोच प्रयोगशाळेत जातो. आयर्लंडमध्ये २०१३ साली सक्ती झाली, तेव्हा तपासलेल्या वासरांपैकी सुमारे ०.६६ टक्के वाहक निघाली. २०२० पर्यंत हे प्रमाण ०.०५ टक्क्यांच्याही खाली आले. हजारात सहा-सात वासरे ही संख्या किती लहान वाटते! पण कळपातल्या गाई उलटण्यामागे आणि गाभडण्यामागे तेवढी पुरेशी होती.

आपल्या गोठ्याकडे

भारतातही गाई-म्हशींत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आणि खुद्द विषाणूही सापडला आहे. आपल्याकडे पुष्कळ गाई गोठवलेल्या रेताने गाभण राहतात. वळूच्या एका वेळच्या वीर्यापासून शेकडो कांड्या भरता येतात, आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेताबरोबर विषाणूही टिकतो. म्हणून रेत केंद्रातला वळू तपासलेला असणे फार महत्त्वाचे. त्यातही फसगत होऊ शकते. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधून एका वळूची नोंद आली. त्याच्या रक्तात विषाणू नव्हता, प्रतिपिंडे भरपूर होती, पण वीर्यात विषाणू येत होता. प्रतिकारयंत्रणेचे हात जिथे नीट पोहोचत नाहीत अशा वृषणात तो दडून बसला होता.

वाहक जनावर दूर करणे हेही आपल्याकडे युरोपइतके सोपे नाही. तिकडे ते सरळ कापले जाते. आपल्याकडे त्याला कायद्याची आडकाठी आहे आणि शेतकऱ्याचे मनही त्याला तयार होत नाही. उरतो तो मार्ग म्हणजे वाहक ओळखणे, त्याला गाभण गाईंपासून वेगळे बांधणे, त्याच्यापासून पैदास न करणे आणि बाजारातून आणलेली गाय तपासल्याशिवाय दावणीला न बांधणे. गाभण गाय विकत घेताना तर पोटातले वासरूही आपण घेतो आहोत हे विसरू नये. गाय निर्दोष असली तरी पोटातले वासरू वाहक असू शकते.

वर्गात हा विषय घेताना एक छोटे गणित देता येईल. गाभण राहून ९० दिवस झालेल्या गाईला आज संसर्ग झाला. तिला दोन दिवस थोडा ताप आला आणि उतरला. गर्भकाळ २८० दिवसांचा धरला तर वाहक वासरू केव्हा जन्मेल? उत्तर येते १९० दिवसांनी, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळाने. तोवर तो ताप कोणाच्या आठवणीतही राहत नाही. नंतर त्या वासराच्या सहवासात शेजारची गाय उलटली, तर दोष दिला जातो चाऱ्याला, रेतन करणाऱ्याला किंवा नशिबाला.

विद्यार्थ्यांशी बोलण्यासारखी आणखी एक गोष्ट या इतिहासात आहे. प्रतिपिंडांची चाचणी चुकीची नव्हती. तिने 'प्रतिपिंडे नाहीत' असे सांगितले, ते खरेच होते. त्यावरून 'विषाणू नाही' असा अर्थ आपण काढला, आणि चूक तिथे झाली. एखादी चाचणी नेमके काय मोजते आणि आपण तिच्या उत्तरातून काय वाचतो, यांत अंतर असू शकते. प्रयोगशाळेत, दवाखान्यात किंवा परीक्षेचे गुण वाचतानाही हे अंतर लक्षात ठेवलेले बरे.